निसर्गाची पुनरुक्ती आणि मराठी गद्य

साहित्यशास्त्राने पुनरुक्तीला दोष मानले आहे. तोच शब्द, तीच उपमा, तोच विचार लेखकाने दुसऱ्यांदा पुढे केला की चोखंदळ वाचकाच्या कपाळाला आठी पडते. निसर्ग मात्र या दोषाने नखशिखांत भरलेला आहे. तीच पालवी दर वर्षी फुटते, तेच नक्षत्र त्याच ऋतूत माथ्यावर येते, वाळूवर वाऱ्याने उमटलेल्या रेघा कालच्यासारख्याच आजही उमटतात. मौज अशी की, ज्या पुनरुक्तीने साहित्य शिळे होते त्याच पुनरुक्तीतून शास्त्राचा जन्म होतो. एकदा घडलेल्या गोष्टीची कथा होते. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीचा नियम होतो. निसर्गातील आकृतिबंधाच्या वाटेने शास्त्राकडे कसे जाता येते, आणि ही वाट आपल्या मराठी गद्याने कितपत चोखाळली आहे, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. ज्या जयपुरात नोकरीनिमित्त आमचे वास्तव्य आहे, तेथे हा विषय दगडचुन्यात बांधून ठेवलेला असल्यामुळे तो टाळू म्हटले तरी टळत नाही.

आकृतिबंध हा शब्द आपल्या समीक्षेत चांगलाच रुळलेला आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची मीमांसा केली, हे वाचकांस ठाऊकच आहे. मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरीत होते व १९५६ साली दिल्लीत त्यांचे देहावसान झाले; म्हणजे परप्रांतात सरकारी चाकरी करता करता वाङ्मयाचा विचार करणाऱ्यांच्या पंक्तीत त्यांनाही बसविता येईल. त्यांची तत्त्वे निसर्गाला लावून पाहिली तर ती बहुतांशी लागू पडतात. परंतु एका ठिकाणी शास्त्राचा आणि कलेचा मार्ग वेगळा होतो. कलाकृतीत विरोध रचनेमध्ये सामावला गेला की रसिक तृप्त होतो. शास्त्रात मात्र विरोध दिसला की सगळी रचनाच पुन्हा तपासावी लागते. म्हणून निसर्गाविषयीच्या गद्याची प्रत ठरविताना लेखकाला आकृती दिसली काय, एवढे पाहून आमच्या मते भागत नाही. आकृती जेथे मोडते तेथे तो थांबला काय, हे पाहावे लागते. या लेखातील बाकीचे सारे विवेचन या एका कसोटीवर उभे आहे.

ही कसोटी साहित्याला परकी आहे, असे कोणी म्हणू नये. आपल्या छंदःशास्त्रकारांनी मोजणीचा मार्ग फार पूर्वीच धरला होता. मात्रावृत्तात लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन. मग चार मात्रांचा गट लघुगुरूंच्या किती क्रमांनी भरता येईल? उत्तर पाच. पाच मात्रांचा आठ प्रकारांनी, सहा मात्रांचा तेरा प्रकारांनी. मागील दोन संख्यांची बेरीज केली की पुढची संख्या मिळते. हा नियम विरहांकाने सांगितला आणि बाराव्या शतकात गुजरातच्या हेमचंद्राने त्याची स्पष्ट मांडणी केली. पिसा येथील लिओनार्दो याच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळे युरोपात ही संख्यामाला ‘फिबोनाची’ या नावाने प्रसिद्ध झाली. याच संख्या सूर्यफुलाच्या तबकडीत सापडतात. सोलापूर-लातूरकडील शेतात हे फूल सर्वांनी पाहिलेले आहे. त्याच्या बियांच्या वळत जाणाऱ्या ओळी मोजल्या तर एका दिशेने बहुधा ३४ व उलट दिशेने ५५ भरतात. अननसाच्या सालीवर ८ आणि १३.

आता येथे दोन प्रकारचे लेखक संभवतात. पहिला म्हणेल की ईश्वराने फुलातही काव्य लिहिले आहे, आणि लेखणी खाली ठेवील. दुसरा विचारील की, वृत्ताचा आणि फुलाचा संबंध काय? वस्तुतः थेट संबंध काहीच नाही. वाढीच्या टोकाशी नवा अंकुर जेथे सर्वांत मोकळी जागा मिळेल तेथे फुटतो. त्यामुळे लागोपाठच्या दोन अंकुरांत साधारणतः १३७.५ अंशांचा कोन पडतो आणि ओळींची संख्या आपोआप त्या मालेत जाऊन बसते. शिवाय काही फुलांत हा क्रम मोडलेला आढळतो, आणि अंकुरांची जागा नेमकी कशी ठरते याचा शोध घेणाऱ्यांना अशी चुकार फुलेच अधिक उपयोगी पडतात. पहिल्या लेखकाच्या हाती चमत्कार लागला, दुसऱ्याच्या हाती कारण लागले. कारण समजल्याने फुलाचा आनंद उणावतो, ही समजूत आम्हांस मान्य नाही. वृत्ताचे लक्षण ठाऊक असलेल्या माणसाला कविता कमी आवडते, असे कोठे आहे?

आता जयपुराकडे येऊ. सवाई जयसिंह (१६८८–१७४३) याने १७२७ साली हे शहर वसविले व आपल्या पाच वेधशाळांपैकी सर्वांत मोठी येथे बांधली. त्याच्या पदरी असलेले सम्राट् जगन्नाथ हे परंपरेप्रमाणे महाराष्ट्रीय ब्राह्मण होते. त्यांनी अरबी शिकून टॉलेमीच्या ग्रंथावरून ‘सम्राट्‌सिद्धान्त’ व युक्लिडवरून ‘रेखागणित’ असे ग्रंथ संस्कृतात रचले. परप्रांतात येऊन, परभाषा शिकून राज्याचे काम करणाऱ्या मराठी माणसांचे ते आद्य प्रतिनिधी मानावयास हरकत नाही. मात्र त्यांची विद्या संस्कृतात राहिली, मायबोलीच्या वाट्याला ती आली नाही.

या वेधशाळेतील यंत्रांचे तत्त्व ज्या साधनातून निघते ते साधन कोणाच्याही अंगणात उभे करता येते. बारा अंगुळे उंचीचा सरळ शंकू सपाट जागेवर उभा करावा आणि दिवस-रात्र समान असतात त्या मार्च वा सप्टेंबरातील दिवशी मध्यान्हीची सावली मोजावी. या सावलीला आपले ज्योतिषी ‘पलभा’ म्हणतात. पुण्याची पलभा सुमारे चार अंगुळे भरते, जयपूरची सुमारे सहा. आम्हां नोकरदारांच्या बदलीचे अंतर प्रवासभत्त्याच्या बिलात किलोमीटरांनी लिहिले जाते. शंकू ते दोन अंगुळांत सांगतो. पुण्यात मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस, असे वर्षातून दोनदा मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येऊन शंकूची सावली नाहीशी होते. जयपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे येथे तसे कधीच घडत नाही. जूनमधील सर्वांत मोठ्या दिवशीही पाऊण अंगुळाच्या आसपास सावली उरते आणि डिसेंबरात ती साडेचौदा अंगुळांपर्यंत वाढते. पृथ्वीच्या गोलत्वाची आणि अक्षाच्या कलण्याची सारी हकिगत या एवढ्याशा सावलीत आहे. परंतु ती एका गावाच्या सावलीवरून कळत नाही. दोन गावांच्या सावल्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून कळते.

जयसिंहाचे सम्राट यंत्र म्हणजे हाच शंकू सुमारे २७ मीटर उंचीपर्यंत वाढविलेला, आणि जयपुराच्या अक्षांशाइतका कलता करून पृथ्वीच्या अक्षाला समांतर केलेला. त्याची सावली बाजूच्या संगमरवरी कमानीवर सेकंदास सुमारे एक मिलिमीटर या गतीने सरकते. ती डोळ्यांदेखत चालताना दिसते. धातूची लहान यंत्रे झिजतात, हलतात, त्यांवर बारीक विभाग कोरता येत नाहीत, म्हणून दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली, असे जयसिंहाच्या ज्योतिषकोष्टकांच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. या यंत्रावर दोन सेकंदांपर्यंतचे विभाग आखलेले आहेत. पण सूर्य म्हणजे बिंदू नाही. त्याच्या बिंबाला अर्ध्या अंशाची रुंदी आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. अर्थात सावलीची कड स्वच्छ न पडता दोन मिनिटांच्या जागेत विरघळत जाते. यंत्र कितीही मोठे केले तरी ही विरघळ त्याच प्रमाणात मोठी होते. बारीक काडी किंवा दोरा कमानीजवळ धरून त्या अंधुक पट्ट्यातील नेमकी जागा शोधण्याची युक्ती निरीक्षकाला करावी लागते. तेव्हा कोठे आखलेल्या विभागांचा उपयोग होतो. समीक्षकाच्या दृष्टीने हा धडा मोलाचा आहे. निसर्गवर्णन करणारे आमचे पुष्कळ लेखक शैलीचा आकार वाढवितात आणि नेमकेपणा वाढला असे समजतात. तेथेही उंची वाढविण्यापेक्षा बारीक काडीची गरज अधिक असते.

आकृती मोडल्यामुळे ज्ञान कसे वाढते याचे दुसरे उदाहरण याच यंत्राने मिळते. ते जयपुराची सूर्याची वेळ दाखविते, तर आमच्या कचेरीचे घड्याळ भारतीय प्रमाण वेळ पाळते. जयपूर प्रमाण रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्याने सुमारे २७ मिनिटांचा फरक कायमचाच. पण तेवढाच फरक रोज राहील म्हणावे, तर तसेही नाही. नोव्हेंबराच्या आरंभी तो दहा मिनिटांवर येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यास चाळिसांवर जातो. मस्टरवर सही करणाऱ्या कारकुनाने इतकी अनियमितता दाखविली असती तर त्याच्याकडे खुलासा मागितला गेला असता. ज्योतिर्विदांनी सूर्याकडेही खुलासा मागितला. उत्तर असे मिळाले की, पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही, म्हणून सूर्याचा दिवस वर्षभर सारखा भरत नाही. ‘रोज सकाळी सूर्य उगवतो’ हे पुनरुक्तीचे ज्ञान झाले. तो घड्याळाशी जुळत नाही, येथून पुढचे शास्त्र सुरू होते. स्वतः जयसिंहाने पोर्तुगालला मंडळी पाठवून ला हीरची युरोपीय कोष्टके आणविली, वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची तफावत असल्याचे नोंदविले. दुर्बिणीचा शोध लागून शतक उलटले असताना त्याचे मुख्य वेध दगडांवरच चालले, ही त्याची मर्यादा. परंतु छापील कोष्टकापुढे मान न तुकविता अर्ध्या अंशाला महत्त्व देण्याची वृत्ती शास्त्रज्ञाचीच होती.

ही वृत्ती मराठी गद्यात कोठे दिसत असेल तर ती शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांच्या ग्रंथात. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड हे त्यांचे गाव, पेशा शिक्षकाचा. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध झाला. जयसिंह आणि जगन्नाथ यांचीही दखल त्यात आहे. वाङ्मयाच्या इतिहासांत या ग्रंथाला ‘शास्त्रीय वाङ्मय’ या सदरात दोन ओळी मिळतात आणि प्रकरण संपते. आमच्या मते मराठी गद्याच्या रसिकानेही तो वाचला पाहिजे.

त्यातील कृत्तिकांच्या विवेचनाचे उदाहरण घेऊ. शतपथ ब्राह्मणात अग्न्याधानाच्या संदर्भात असे सांगितले आहे की, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. शतकानुशतके हे वाक्य पठणात होते आणि त्याकडे कृत्तिकांची स्तुती म्हणून पाहिले जाई. दीक्षितांनी त्याला वेध मानले. कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवत असतील तर त्या विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. आज त्या तेथे नाहीत. जयपुरातून पाहिल्यास त्या पूर्वेच्या सुमारे २७ अंश उत्तरेस उगवतात. अयनचलनामुळे संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो व त्याची फेरी सुमारे २६ हजार वर्षांनी पुरी होते. तेव्हा कृत्तिका विषुववृत्तावर केव्हा होत्या याचे गणित करता येते, आणि ते ख्रिस्तपूर्व सुमारे तीन हजार वर्षांपर्यंत जाते. एका वाक्यातील एका क्रियापदावर इतका भार टाकण्याचे धैर्य मराठी टीकावाङ्मयात आम्हांस अन्यत्र दिसत नाही.

या निष्कर्षावर पुढे आक्षेप घेतले गेले. प्राचीनांच्या ‘पूर्व’ या शब्दाचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा काय, हा त्यांतील मुख्य प्रश्न होय, आणि तो रास्त आहे. पूर्व दिशा ठरविण्यात नुसत्या डोळ्यांनी दोन अंशांची चूक झाली असे धरले, तरी काळ तीन-साडेतीनशे वर्षांनी मागेपुढे सरकतो. शिवाय वाक्य रचणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकीव परंपरा नोंदविली, हेही विचारता येते. म्हणजे दीक्षितांचा निष्कर्ष अंतिम नाही. पण तो खोडावयाचा झाल्यासही त्यांच्याच पद्धतीने, आकडे मांडूनच खोडावा लागतो. वाचकाला आपल्याशी भांडण्याची साधने जो लेखक स्वतःच्या हाताने पुरवितो, त्याचे गद्य आम्ही प्रामाणिक गद्य समजतो.

शैलीच्या दृष्टीने हा ग्रंथ निर्दोष आहे असे मात्र नाही. माहितीची दाटी फार. ग्रंथ, ग्रंथकार, शके आणि कोष्टके यांच्या रांगेतून सामान्य वाचकाची वाट हरवते. तरी त्यातील मराठी स्वच्छ आहे. अलंकार नाही, आवेश बेताचा, आणि सिद्ध झालेले व केवळ संभवनीय यांतील सीमा राखण्याची काळजी आहे. ग्रंथाचे नशीबही पाहण्यासारखे आहे. १९५७ साली त्याचे हिंदी भाषांतर निघाले. भारत सरकारने इंग्रजी भाषांतराचे दोन भाग १९६९ व १९८१ साली प्रसिद्ध केले. परप्रांतीयांनी ज्याची आच बाळगली त्या पुस्तकाची धूळ झटकण्याचे काम आमच्या ग्रंथालयांत क्वचितच होते. याच दीक्षितांनी ‘ज्योतिर्विलास’ हे सर्वसामान्यांसाठी आकाशदर्शनाचे पुस्तक लिहिले व त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे. विद्वानाने शास्त्राला मौज म्हटले, यात त्याच्या भाषेची प्रकृती दिसते.

आकृतीचे प्रेम किती दूर नेऊ शकते, याचे उदाहरणही मराठी ज्योतिर्विदांतच आहे. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे ज्ञानकोशकार केतकरांहून वेगळे. ‘ज्योतिर्गणितम्’ या ग्रंथाचे कर्ते. गुरूच्या आतील तीन मोठ्या उपग्रहांच्या गतींत लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने एक नेमका मेळ दाखविला होता. तसाच मेळ बाहेरच्या ग्रहांत असावा, असे धरून केतकरांनी १९११ साली फ्रेंच ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडील ग्रहांचे भाकीत मांडले. त्यांपैकी ‘ब्रह्मा’ या ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट व प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे, असे त्यांचे गणित होते. १९३० च्या फेब्रुवारीत प्लूटो सापडला. त्याचे अंतर साडेएकोणचाळीस पट, काळ २४८ वर्षे! त्याच वर्षी केतकर निवर्तले.

ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि बहुधा येथेच थांबविली जाते. ती पुढेही सांगितली पाहिजे. १९७८ साली प्लूटोच्या उपग्रहाचा शोध लागून त्याचे वस्तुमान निश्चित करता आले, तेव्हा ते पृथ्वीच्या अवघे ०.२ टक्के भरले. २००६ साली त्याची गणना बटुग्रहांत झाली. केतकरांनी गृहीत धरलेल्या मेळाला नंतरच्या ज्योतिषात आधार मिळाला नाही, आणि आकड्यांचे साम्य योगायोगाचेच मानावे लागते. यामुळे केतकरांची योग्यता कमी होते असे आम्ही म्हणत नाही. ताडून पाहता येईल असा आकडा त्यांनी जाहीरपणे पुढे ठेवला, हे शास्त्राला धरूनच झाले. उणेपणा आहे तो कथा अर्ध्यावर सोडणाऱ्या गद्याचा. जुळलेला आकडा सांगावयाचा आणि त्यामागील कारण टिकले की नाही हे गाळावयाचे, याला चरित्र म्हणता येईल. शास्त्रलेखन म्हणता येणार नाही.

आता ललित बाजूकडे वळू. निसर्गातील पुनरावर्तन हाच ज्याचा विषय, असे मराठीतील सर्वश्रेष्ठ पुस्तक म्हणजे दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६). चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचे बारा लेख. प्रत्येकात पालवी, फुले, आकाशाचे रंग. त्यापूर्वीच्या मराठी निसर्गवर्णनात संस्कृत काव्याची उष्टी उपमाने पुष्कळ होती. दुर्गाबाईंनी स्वतः पाहिलेले लिहिले, आणि झाड कोणते, रंग कोणता, याविषयी संदिग्धता ठेवली नाही. पाहण्याच्या या इमानामुळे हे पुस्तक शास्त्राच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते.

परंतु ते उंबरठा ओलांडीत नाही, आणि याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. आपला महिना चांद्र आहे. बारा चांद्र महिन्यांचे सुमारे ३५४ दिवस होतात, सौर वर्षाहून ११ कमी. सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालून आपण हा तोटा भरून काढतो. परिणामी २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला आला, तर २०२४ साली ९ एप्रिलला. झाड पंचांग पाहत नाही. ते ऊन, गारवा आणि ओल यांच्या हिशेबाने फुलते. तेव्हा ‘चैत्रात अमुक फुलते’ हे विधान एका वर्षी खरे आणि दुसऱ्या वर्षी अठरा दिवसांनी खोटे ठरू शकते. ऋतूशी बांधलेले महिने हवे असल्यास मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचविलेले आणि २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेले राष्ट्रीय पंचांग आहे. त्या समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर हेही होते. राजपत्रावर त्या पंचांगाची तारीख छापलेली आमच्या टेबलावरून रोज जाते. तिचा ऋतूंशी संबंध आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

‘ऋतुचक्र’ जयपुरात वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. मुंबईत पावसाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागतो, येथे जून सरताना किंवा जुलैच्या आरंभी. आणि वर्षाकाठी पडणारा पाऊस साठ सेंटिमीटरच्या आसपास, मुंबईच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. येथील वसंत रोहिड्याच्या केशरी फुलांचा. त्यातच उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्यात आणि शेजाऱ्याची भाद्रपद कृष्णात. रात्र एकच, चंद्र एकच. पोटापाण्यासाठी परमुलखात राहिलेल्या मराठी माणसाला हे रोजचे आहे. आकृती आकाशाची असते आणि नाव माणसाने दिलेले असते, हा भेद त्याला पुस्तकावाचून कळतो. या भेदातून केवढे वाङ्मय निघू शकले असते! दुर्गाबाईंच्या पुस्तकाला यामुळे उणेपणा येत नाही. ललित निबंधाकडून कोष्टकाची अपेक्षा करणे अरसिकपणाचे आहे. खंत एवढीच की, त्या पुस्तकाचे अनुकरण झाले ते त्याच्या लयीचे, पाहण्याच्या शिस्तीचे झाले नाही. एकाच झाडाची पहिली कळी सलग वीस वर्षे तारखेनिशी टिपून त्यावर लिहिलेले मराठी पुस्तक आमच्या वाचनात नाही.

असे पुस्तक रुक्षच होईल, ही भीती निराधार आहे. इंग्लंडातील सेल्बोर्न या खेड्यातील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट याने पक्षी केव्हा आले, केव्हा गेले, गांडुळांमुळे जमीन कशी सुधारते, याच्या पत्ररूप नोंदी १७८९ साली प्रसिद्ध केल्या. ते पुस्तक इंग्रजी गद्याचे भूषण मानले जाते. शंखाची वळणे, मधाच्या पोळ्याची षट्कोनी घरे, माशांच्या देहांचे आकार यांचा गणिताने विचार करणारा डार्सी टॉम्सनचा १९१७ सालचा ग्रंथ शास्त्रज्ञांइतकाच साहित्यिकांनीही वाचला. ग्रंथकर्ता ग्रीक वाङ्मयाचा व्यासंगी होता. दूर कशाला, याच जयपुरातील उदाहरण घ्या. १९०१-०२ साली येथील वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला तेव्हा गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्यास साहाय्य केले ते तरुण चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी. दोघांच्या नावे या वेधशाळेवरील इंग्रजी पुस्तकही १९०२ साली निघाले. पुढे १९१५ मध्ये ‘उसने कहा था’ ही कथा लिहून हिंदी साहित्यात अजरामर झालेले गुलेरी ते हेच.

या सर्व विवेचनाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. परप्रांतातील मराठी कुटुंबात मुले शाळेत शास्त्र इंग्रजीत किंवा हिंदीत शिकतात. मराठी उरते ती आरतीला, जेवणाच्या ताटाला आणि रागावण्याला. ‘असे का होते?’ हा प्रश्न ज्या भाषेत विचारला जात नाही, ती भाषा घरात असूनही पाहुण्यासारखी होते. तिचा मान राहतो, तिच्यावर काम सोपवीत नाहीत. मंडळांच्या ग्रंथालयांत कादंबऱ्या आणि नाटके यांनी कपाटे भरून आपण मराठी टिकवीत आहोत, असे आपण मानतो. ती पुस्तके अवश्य असावीत. पण मुलाने गच्चीवर उभे राहून कृत्तिकांकडे बोट दाखविले असता त्याला मराठीत उत्तर देता येईल असे एखादे पुस्तक त्या कपाटात असणे, हे भाषेच्या दृष्टीने अधिक निकडीचे आहे. तेथील शब्दही नव्याने घडवावयास नकोत. पलभा, शंकू, वेध, संपात, अयन हे दीक्षितांनी वापरलेले शब्द आजही धडधाकट आहेत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मंडळाच्या पुढील पुस्तकखरेदीत दीक्षितांच्या ग्रंथाची एक प्रत घ्यावी. आणि या मासिकाचे जे वाचक बदलीच्या निमित्ताने गुवाहाटीपासून तिरुवनंतपुरमपर्यंत पसरलेले आहेत, त्यांनी येत्या विषुवदिनी बारा अंगुळांचा शंकू उभा करून आपापल्या गावची पलभा मोजावी, कोष्टकाशी ती कोठे जुळली नाही तेही लिहावे, आणि संपादकांकडे पाठवावी. मराठी माणूस कोठकोठे जाऊन राहिला आहे याचा तो एक नकाशाच होईल. त्यातून एखाद्याने पुढे गद्य लिहिले, तर त्याची समीक्षा करण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू.